चोवीस राघू

मी आता जे लिहिणार आहे ते या घरातल्या एकाही माणसाला ठाऊक नाही. नवऱ्याला सांगितलं नाही — तो गेला. सासूला सांगितलं नाही, तीही गेली. मुलाला नाही, आणि सुनेला तर नाहीच, कारण ती मला फार चांगली बाई समजते आणि मला ते आवडतं. हे लिहायला बसल्यापासून मी दोनदा उठून दार बघून आले. दारात कोण असणार? दुपारची वेळ, सून शाळेत शिकवायला गेलेली, मुलगा कामावर. तरी बघून आले. आता तुम्हीच समजा मी कशी आहे ती.

तुम्हाला सांगते, कारण तुमचा चेहरा मला दिसत नाही. दिसला असता तर पहिल्या ओळीलाच जीभ टाळ्याला चिकटली असती.

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी मला भागूबाई म्हणत, लग्नानंतर नवराही तेच म्हणू लागला. पोस्टमन आला तरी त्याचा खाकी सदरा बघून मी आत पळायची. कोणी मोठ्याने बोललं की माझ्या हातातलं भांडं पडायचंच. लोक हसायचे, मीही हसायची. भित्र्या माणसाचा कोणाला त्रास नसतो, असं तेव्हा सगळ्यांना वाटायचं. मलाही वाटायचं.

आमचं दुकान गोंदियाला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे अंगण. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा होता. नवरा तारेचे पिंजरे बनवायचा आणि पिंजऱ्यासोबत पाखरू विकायचा. राघू, मैना, हिवाळ्यात लाल मुनिया. गाडी बदलायला उतरलेले लोक दोन घटका बाजारात फिरायचे आणि जाताना हातात पिंजरा घेऊन पुढच्या गाडीत बसायचे. गिऱ्हाईक बहुतेक हिंदी बोलणारं, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला — मिठू बोलता है क्या?

बोलायचा. आमच्या दुकानातला राघू बोलायचा, आणि त्याला मी शिकवायची. चार माणसांसमोर जिच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती मी. उजाडायच्या आधी पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकायचं, समोर बसायचं आणि एकच शब्द हळूहळू म्हणत राहायचं. पंधरा दिवस तोच शब्द. मग भिजवलेली चण्याची डाळ, हिरवी मिरची. मी त्यांना आमच्या पद्धतीचं स्वागत शिकवलं होतं — पायरीवर चपलेचा आवाज झाला की "राम राम जी! बसा!" एकाने सुरुवात केली की बाकीचे त्याच्यामागे. गिऱ्हाईक खूश होऊन हसायचं आणि मी पडद्याआड उभी राहून ऐकायची. माझं स्वतःचं म्हणून जगात काही चांगलं होतं तर तेवढंच होतं.

राघू आणायचा मंगरू. सगळे त्याला नुसतं मंगरू म्हणत, मी मंगरूबाबा म्हणायची, कारण तो मला माय म्हणायचा. सालेकशाकडच्या जंगलातला माणूस, पन्नाशीचा, काटक. सकाळच्या पॅसेंजरने यायचा, खांद्यावर कावड, कावडीला दोन टोपल्या, टोपल्यांवर पातळ फडकं. वडाचा चीक तेलात आटवून तो चिकट लासा करायचा, तो बांबूच्या काडीला लावून पाखरू धरायचा, आणि मग तेल-राखेने प्रत्येक पीस पुसून काढायचा. त्याने आणलेल्या पाखराचं पीस कधी मोडलेलं नसे. दुसरे लोक पाखरं पोत्यात भरून आणायचे. मंगरूबाबा दर दोन स्टेशनांवर फडकं उचलून बघायचा, असं तो स्वतःच सांगायचा. "जीव हाय ना माय, त्याले वारा लागते." हे त्याचं वाक्य. मी ते पन्नासदा ऐकलं असेल.

त्याला दुसरं काम येत नव्हतं. थोडीशी धानाची बांधी, भाताचं शेत, होती ती भावांकडे. बायको नेहमीची आजारी. पाखरं धरायची, आम्हाला द्यायची, तेल-मीठ-कापड घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत जायचं — एवढ्यावर त्याचं घर उभं होतं. हे लक्षात असू द्या.

आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्यानंतरची गोष्ट. पाखरांचा कायदा आला. कायदा काय होता हे मला पुष्कळ नंतर नीट कळलं — जंगली पाखरं धरायची तर परवाना, दुकानात ठेवून विकायची तर वेगळा परवाना, अंडी-पिल्लांच्या महिन्यांत धरणं बंद. धरणाऱ्याने सांगायचं की मी अमुक दुकानाला पाखरं देतो, आणि दुकानदाराने त्याची साक्ष द्यायची, की हो, हा आमचा माणूस, सरळ माणूस. एवढंच. पण तेव्हा बाजारात काय बोललं जात होतं ते विचारा! पाखरू सापडलं की दुकानाला टाळं. दुकानदाराला हातकडी. बायकांनाही ठाण्यावर नेतात. शेजारीण मला रोज एक नवीन ऐकवायची आणि मी रोज अर्धीच पोळी खायची.

नवऱ्याला कसली भीती नव्हती. त्याने अर्ज करून ठेवला होता. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "मुंबईत बसलेल्या मानसाले आपल्या राघूची एवढी काळजी काऊन लागून राहिली जी?" आणि हसायचा. अर्जात काय लिहिलं, तपासणीला आले तर काय करायचं, हे त्याने मला सांगितलं नाही. घरातल्या बाईला कोण सांगत होतं? आणि मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने भागूबाई म्हणून हसून सांगून टाकलं असतं.

दिवाळी होऊन गेली होती, धानाची मळणी चालू होती. मुर्रीला आमची शेती, तिथल्या खळ्यावर नवरा आणि सासू — मी तिला मामी म्हणायची — दोघंही सकाळीच गेले होते. नवीन धान घरी यायचं होतं म्हणून दोन दिवस आधी मी ढोली लिंपली होती. ढोली म्हणजे बांबूच्या कमच्यांची विणलेली मोठी कणगी, माझ्या छातीपर्यंत उंच. माती-शेणाचा जाड लेप, आतून आणि बाहेरून. मामी या कामात फार कडक. लिंपून झालं की बोट घालून तपासायची. कुठे टाचणीएवढं भोक दिसलं तर पुन्हा लिंपायला लावायची, कारण भोक राहिलं की उंदीर आलाच. त्या वर्षी मी असं लिंपलं होतं की मामीलाही खोट सापडली नाही. मागच्या खोलीत ती ढोली रिकामी उभी होती.

त्या सकाळी मंगरूबाबा आला. आठ राघू दिले, चहा प्याला, नवऱ्यासाठी निरोप ठेवला — साक्षीचं तेवढं लक्षात ठेवा म्हणावं — आणि आठवडी बाजारात जायचं म्हणून लवकर गेला. जुने सोळा आणि हे आठ. दुकानात चोवीस राघू झाले; मैना-मुनिया त्या दिवशी एकही नव्हती.

दुपारी शेजारणीने भिंतीवरून हाक मारली. "सुनती हो? खाकीवाले आए हैं. जीप खड़ी है चौक में. एक-एक दुकान देख रहे हैं."

त्यानंतरचं कसं सांगू?  मी खाली बसले.  मग उठले ती अशी उठले की काय करते आहे ते मला कळत होतं आणि नव्हतंही. एकेक पिंजरा उघडला. राघू धरला की तो चावतो, तुम्हाला माहीत असेल. बोटं फुटली, रक्त आलं, ते मला जाणवलंसुद्धा नाही. दोन-दोन, तीन-तीन असे धरून आत नेले आणि ढोलीत टाकले. चोवीसच्या चोवीस. वर बांबूचं झाकण ठेवलं.

आणि ते आतून बोलायला लागले. अंधार झाला की राघू खरं तर गप्प होतो, पण त्यांना मी सोडून चालले हे कळलं असेल. "राम राम जी! बसा! बसा!" घुमल्यासारखा आवाज. मी झाकणावर गोधडी टाकली. तरी ऐकू येत होतं. दुसरी टाकली. मामीची जाड वाकळ होती, ती टाकली आणि कडेने खोचली, जशी आपण थंडीत लेकराला खोचतो. मग आवाज दबला.

हे गुदमरतील हे माझ्या लक्षात आलं नाही, असं मी आता लिहिणार होते. लिहिलं असतं तर ते आणखी एक खोटं झालं असतं. लक्षात आलं होतं. थोडाच वेळ, असं मी मनात म्हटलं. खाकीवाला येईल, रिकामे पिंजरे बघेल, जाईल.

तो आला. पण तो जाईना.

चष्मा घातलेला, मध्यम वयाचा, एकटाच. जीप चौकातच ठेवून चालत आला होता. पायरीवर त्याच्या बुटाचा आवाज झाला आणि मागच्या खोलीतून, तीन पांघरुणांखालून, बारीक आवाज आला — राम राम जी.  त्याने मान वर केली. "आत कोणी आहे का, बाई?"

सासू आहे, मी म्हणाले. ताप आहे. बरळते आहे.

बघा, कसं सुचलं. एरवी मला पाणी हवं का हे विचारायलाही सुचत नाही.

त्याने लगेच आवाज खाली आणला. हे मला विसरता येत नाही. आजारी म्हातारी आहे म्हणून तो हळू बोलू लागला. मालक कुठे, कधी येतील, विचारलं. मी पडद्याच्या कडेला उभी राहून म्हटलं, खळ्यावर गेलेत, उशीर होईल. पाखरं? नाहीत. पिंजऱ्यांत ताजं पाणी होतं, डाळ होती, खालची घाण ओली होती. त्याने सगळ्याकडे एकदा बघितलं आणि बाकावर बसला. "थांबतो मी थोडा वेळ," म्हणाला.

मी त्याला पाणी दिलं. चहा करून दिला. चहा करताना मागच्या खोलीतून नखांचा आवाज येत होता — मातीवर नखं ओढल्यासारखा, एकाचा नाही, पुष्कळांचा. पंखांचे धपके. मध्येच एखादा "बसा". मी चुलीपाशी बसून दोन्ही कान दाबून धरले, आणि मग चहा ऊतू जाईल म्हणून हात काढले.

मग त्याने मला सांगितलं. कशासाठी सांगितलं असेल? त्याला संशय आला असेल का? आज मला वाटतं, आला असावा, आणि तो मला वाट काढून देत होता. तो म्हणाला, "बाई, घाबरण्यासारखं काही नाही यात. आज ज्या दुकानात जेवढी पाखरं दिसतील तेवढी मी लिहून घेतो. तेवढी विकायला मोकळीक आहे. धरणाऱ्याचं नावही आजच लिहितो. आज शेवटचा दिवस आहे या भागातला. नंतर आलेलं पाखरू नियमात बसणार नाही. म्हणून म्हटलं, मालकांची वाट बघावी."

हे तो बोलला तेव्हा ते जिवंत होते. मला आवाज येत होता. कमी झाला होता, पण येत होता.

मला इथेच थांबायला हवं, कारण खरी गोष्ट इथे आहे. आतापर्यंत जे केलं ते घाबरून केलं. पण आता घाबरण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो माणूस स्वतःच्या तोंडाने सांगत होता. पाच पावलं मागे जायचं, वाकळ ओढायची, झाकण काढायचं. काय झालं असतं? मी खोटं बोलले हे त्या परक्या माणसाला कळलं असतं. सासूला ताप नाही, हे कळलं असतं. फार तर तो हसला असता. फार तर रागावला असता. एवढ्यासाठी — एवढ्यासाठी मी पडद्याचा काठ मुठीत धरून उभी राहिले. तो बाकावर बसून वहीत काहीतरी लिहीत होता, आणि मी उभी राहून ऐकत होते की आवाज किती उरला आहे. आता उघडीन, आता उघडीन. मग एकदा लक्षात आलं की बराच वेळ काही ऐकू आलेलं नाही.

त्यानंतरही तो पुष्कळ वेळ बसला. जाताना म्हणाला, सासूबाईंना डॉक्टरला दाखवा.

मी ढोली उघडली. वरचे काही अजून गरम होते. एक राघू जिवंत होता, म्हणजे चोच उघडत होता. मी त्याला हातात घेऊन अंगणात आणलं, तोंडावर फुंकर घातली, पाण्याचा थेंब सोडला. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या मांडीवरच गेला. मग मी रडले का? नाही. मला वेळ नव्हता. दिवस मावळायला आला होता आणि घरचे यायचे होते.

अंगणाच्या टोकाला शेणाचा खड्डा होता. त्यात खोल उकरून सगळे पुरले, वर शेण ओढलं. ढोली आतून पुसली, पिसं वेचली, जिथे नखांनी लेप उकरला होता तिथे नवा लेप दिला. नखांच्या रेघा वरपर्यंत गेल्या होत्या. मामी आल्या आल्या म्हणाली, "ढोली पुन्हा ओली काऊन?" मी म्हटलं, तडा गेला होता. मामी म्हणाली, "बरं केलं." त्या ढोलीत धान भरलं आणि तोच भात आम्ही वर्षभर खाल्ला.

नवरा दुकानात गेला आणि तिथूनच ओरडला. "राघू कोठी गेले वो?"

मी उत्तर ठरवलं नव्हतं. देवाशपथ ठरवलं नव्हतं. पण तोंड उघडलं आणि आलं, "मंगरूबाबा आला होता. सारे घेऊन गेला. म्हणे, कायदा आला, आता मी दुसरीकडं इकतो."

तो सकाळी येऊन गेला होता, बाजाराने त्याला येताना बघितलं होतं. म्हणून ते नाव आलं. दुसरं कोणतंही नाव आलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. माझ्या डोक्याने एवढा हिशेब किती पटकन केला याची मला अजून भीती वाटते.

"आपले शिकवलेले सोळाही?"

मी हो म्हटलं. नवऱ्याला मंगरू आवडायचा, म्हणून तो जास्त चिडला. दुसऱ्या दिवशी जंगल खात्याच्या कचेरीत जाऊन त्याने सगळं लिहून दिलं; चष्मेवाला दौऱ्यावर होता, म्हणून सासूच्या तापाचं तिथे निघालं नाही. साक्ष द्यायची होती ती त्याने दिली, पण अशी दिली. खाकीवाल्याला रिकाम्या पिंजऱ्यांचं कारण मिळालं. पाखरं दुकानातून उचलून परवान्याशिवाय भलतीकडे विकणारा माणूस — असं मंगरूबाबाच्या नावापुढे लिहिलं गेलं. त्याचा परवाना गेला. त्याच्या घरून जाळी, काड्या, टोपल्या उचलून नेल्या.

आठ-दहा दिवसांनी तो आला. कावड नव्हती. खांदा मोकळा असलेला तो माणूस मी पहिल्यांदा बघत होते. दुकानात गिऱ्हाईक होतं, शेजारचे दोघं-तिघं होते. नवऱ्याने त्याला बघितल्याबरोबर आवाज चढवला. तो ऐकून घेत होता. मग हात जोडून म्हणाला, "मालक, मी आठ देऊन गेलो जी. नेला नाई एकही. मायले इचारा. माय खोटं नाई बोलत."

नवऱ्याने पडदा बाजूला केला. सगळ्यांसमोर. एवढ्या माणसांसमोर मी आयुष्यात कधी उभी राहिले नव्हते. "सांग वो. नेले का नाई?"

मी मान हलवली. हो म्हणून. बोललेसुद्धा नाही, नुसती मान हलवली.

मंगरूबाबाने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. माझ्या हातांकडे बघितलं. बोटांवरच्या जखमा तेव्हा सुकत आल्या होत्या, पण राघूची चोच कशी लागते हे त्याच्याहून जास्त कोणाला माहीत? मी हात पदरात घेतले.  पायरी उतरून गेला.

त्यानंतर नवऱ्याने पाखरं ठेवायचं सोडलं. नियमाची कटकट नको, आणि विश्वास ठेवायला माणूस उरला नाही, म्हणायचा. नुसते पिंजरे विकायचा, पुढे कंदील, चाळण्या. कुठे मंगरूचं नाव निघालं की थुंकायचा. मी भाजी चिरत असायची. चिरतच राहायची. कितीदा वाटलं, आता सांगावं! जेवायला वाढताना, सणाला, तो आजारी पडला तेव्हा. दर वेळी वाटायचं, आजवर का सांगितलं नाही असं विचारेल, आणि त्याचं काय उत्तर देऊ? दिवस जात तसं ते उत्तर जास्तच अवघड होत गेलं. रस्त्यावर खाकी कपडा दिसला की मी आत जायची. पण आता त्यांची भीती वाटत नव्हती. भीती वाटायची ती सकाळच्या पॅसेंजरची. शिटी ऐकली की वाटायचं, आला.

आणि तो आला. त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात, पण गाडीने नाही. पावसाच्या आधी खड्ड्यातलं शेणखत शेतावर न्यायचं असतं. नवऱ्याने एका बैलबंडीवाल्याला सांगितलं होतं. बंडीवाल्याने आपल्यासोबत रोजाचा माणूस आणला — डोक्याला फडकं बांधलेला, हातात फावडं. मी मागचं दार उघडलं आणि बघितलं. त्याने मला बघितलं, नजर खाली घातली आणि खड्ड्यात उतरला. सुकला होता. नवरा दुकानाचा माल घ्यायला तुमसरला गेला होता, मामी भावाकडे. घरात मी एकटी.

मी दाराच्या फटीतून बघत बसले. फावडं किती खोल जातं ते मोजत होते. पहिली बंडी भरून गेली. बंडीवाला बंडीसोबत गेला, मंगरूबाबा उरलेलं उकरत थांबला. मग त्याचं फावडं थांबलं. तो वाकला. बराच वेळ वाकून राहिला. हाडं लवकर कुजतात, पण सगळी नाही, आणि हिरवं पीस शेणातही हिरवंच राहतं, हे मला तेव्हा समजलं.

तो खड्ड्यातून वर आला आणि मागच्या दारात उभा राहिला. पाणी मागितलं. मी लोटा दिला. तो प्याला नाही, हातात धरून उभा राहिला.

"माय," तो म्हणाला, "मी वरून खत ओढून ठेवलो. बंडीवाल्याले दिसत नाई. कोनाले सांगत नाई मी. जाळी गेली ते गेली, आता डोळ्यानंही दिसत नाई पह्यलेसारखं. मले काई नोको." मग म्हणाला, "माहीच बायको म्हनते, तूच इकले असशील. सारं गाव म्हनते. तुमी एकडाव मले सांगा — मले एकट्याले — का मंगरूनं नाई नेले. बस."

तो रागावलेला नव्हता.  घरात कोणी नव्हतं. अंगणात कोणी नव्हतं. भिंतीपलीकडची शेजारीणही त्या दिवशी नव्हती. जे विचारत होता ते त्याला आधीच माहीत होतं. त्याला ते फक्त माझ्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणजे तो निदान स्वतःवर विश्वास ठेवू शकला असता.

मी म्हणाले, "कोणते राघू, बाबा?"

त्याने माझ्याकडे बघितलं. पाणी प्याला, सगळं प्याला. लोटा उंबऱ्यावर ठेवला. "बरं माय," म्हणाला, आणि खड्ड्यात उतरून पुन्हा खत भरायला लागला. संध्याकाळपर्यंत तो भरत होता. मी आतून कडी लावून बसले होते.

पुढच्या पावसाळ्यात तो वारला, असं बंडीवाल्याकडून कळलं. नवरा म्हणाला, "चोर होता, पन हात चांगला होता." मी ताट वाढत होते. मी त्याला भात वाढला.